अक्का, मी फोटो बेतला!

प्रिय अक्का,

कर्र... कर्र... कच्!

पहाटे जाग आली ती या आवाजानं. घरात आता कात्री चालवणारं कुणी नाही, पण मला स्पष्ट ऐकू आली. नारायण पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांत, खिडकीखालच्या पाटावर कापड पसरून तू चालवायचीस ती जड, काळी कात्री. शेवटचा तो 'कच्' झाला की तू मान वर करायचीस आणि घर पुन्हा सुरू व्हायचं. तोपर्यंत आम्ही शिंकायचंसुद्धा नाही!

आज चहाआधी लिहायला बसलो त्याला कारण आहे. काल मला बक्षीस मिळालं. फोटोचं. आमच्या छायाचित्र मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात, पहिलं! शैलानं देवापुढे साखर ठेवली, शेजारीपाजारी पेढे गेले, मुलानं फोनवर "बाबा, सॉलिड!" म्हणून आरोळी ठोकली. सगळ्यांना सांगून झालं आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं, जिला सांगायचं तिला सांगितलंच नाही. आणि बक्षिसातला मोठा वाटा तर तिचाच आहे!

अक्षर वाकडं दिसतंय ना? हसू नकोस. तू गेलीस त्याच्या पुढच्या हिवाळ्यात उजवा हात थरथरायला लागला. आधी कपबशी वाजायची. शैला म्हणायची, "अहो, जलतरंग पुरे, चहा प्या." मग कॅमेराही हलायला लागला. डॉक्टरांनी कंपवाताचं नाव घेतलं, गोळ्या दिल्या आणि फार मायेनं म्हणाले, "आता हलकेफुलके छंद ठेवा, काका." हलकेफुलके! अख्खी नोकरी टेलिफोनच्या कार्यालयात रखडत केली ती रविवारी गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडता यावं म्हणून. आता निवृत्तीत सगळे वारच रविवार झाले आणि हातच फितूर!

त्यातून आमचे सबनीस. मंडळाचे कार्यवाह. माझे सगळे हललेले फोटो त्यांनी नीट पाहिले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले आणि म्हणाले, "वसंतराव, तुमचं काम आता अमूर्त कलेत मोडतं." मंडळी हसली. मीही हसलो. मग ते हळूच म्हणाले, "तुम्हाला मानद सभासद करावं असा विचार आहे." मानद म्हणजे काय, तुला सांगायला नको. पहिल्या रांगेतली खुर्ची, हार, नारळ, आणि भिंतीवर दुसऱ्यांचे फोटो!

घरी आलो आणि कॅमेरा कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिला. मुलगा म्हणाला, "बाबा, तो कुणाला तरी देऊन टाका, नुसता पडून खराब होईल." मी "बघू" म्हटलं. अक्का, त्या 'बघू'चा अर्थ फक्त तुला कळला असता.

तू त्या वेळी हवी होतीस. रागही आला तुझा. सगळ्या पेठेची परकर-पोलकी मापानं शिवलीस, कुणाच्या लग्नाला काय बेत, कुणाच्या बारशाला काय बेत, सगळं आखून द्यायचीस. आणि स्वतः निघालीस तेव्हा? दुपारी वरण-भात जेवलीस, "जरा पडते" म्हणालीस आणि गेलीस! असं का कुणी न सांगता जातं?

पण बेत हा शब्द माझ्या तोंडून निघाला आणि तिथेच मी अडखळलो. बेत. बेतणं. पाटावर कापड पसरलं की तू कात्रीला हातच लावायची नाहीस. नुसती बघत बसायचीस. मी शेजारी शाळेतली कविता घोकत असायचो, डोलत, मोठ्यानं. तू म्हणायचीस, "वसंता, तुझं रेडिओ स्टेशन बंद कर. मी बेततेय."

"पण तू तर काहीच करत नाहीयेस!"

"बेतणं म्हणजे काहीच न करता सगळं करणं. बाही इथे, पाठ इथे, गळा इथे. आख्खं पोलकं दिसेपर्यंत कात्री उचलायची नाही. कात्री काय, कुणीही चालवेल."

मला तेव्हा ते पटायचं नाही. पण गंमत बघ, कवितेचंही तसंच होतं. कविता खरी पाठ असली की पहिला शब्द उच्चारताना शेवटचा दिसत असतो, पलीकडच्या काठासारखा. बाई पुढे बोलवायच्या तेव्हा माझे पाय कापायचे, पण आवाज नाही. कारण सगळी कविता आधीच डोळ्यांपुढे उभी असायची. मग फोटो तसा का असू नये?

आणि दुसरी एक गोष्ट ध्यानात आली होती. हात उचलल्याबरोबर तो थरथरत नाही. दोनएक श्वास तो अगदी शहाण्या मुलासारखा उभा राहतो, मग त्याला कापरं भरतं. म्हणजे माझ्याकडे दोन श्वास होते! कॅमेरा डोळ्याला लावून 'काय बरं घ्यावं' असा विचार करायला ते पुरणार नाहीत. पण काय घ्यायचं ते आधीच माहीत असेल तर? दोन श्वास म्हणजे चैन की!

झालं. मी गॅलरीत खुर्ची टाकून डोळे मिटून बसायला लागलो. समोरचा स्टीलचा पेला मनात घ्यायचा. उजेड कुठून येतो, सावली कुठे पडते, कड कुठे चमकते, पाणी किती आहे. मग डोळे उघडून बघायचं, काय काय सुटलं. पहिल्या दिवशी पेल्यावर कोरलेलं आपल्या आईचं नाव सुटलं! रोज त्याच पेल्यानं पाणी पितो मी.

शैलाला संशय आला. "झोपायचं तर आत झोपा. समोरच्या गॅलरीतले बघतात."

"झोपलो नाही. फोटो काढतोय."

"कॅमेरा कपाटात आहे."

"तो लागत नाही अजून."

ती म्हणाली, "बरं. माझा काढत असाल तर केस विंचरून येते."

पेल्यावरून मी गल्लीवर आलो. नारायण पेठेतलीच, आपली जुनी. मनात काय सुंदर फोटो झाला म्हणून सांगू! कोवळं ऊन, ओली फरशी, सायकलवरून दूधवाला, मागे एक तांबडी भिंत. आठवडाभर तो फोटो मी घोकला. मग एका सकाळी कॅमेरा घेऊन गेलो. आणि बघतो तर काय? भिंतीवर आडवा फलक, कुणा भावी नगरसेवकाला वाढदिवसाच्या शुभेच्छा, वर केबलचं जाळं, आणि दूधवाल्याच्या जागी मोटारसायकलवर पिशव्या वाटणारा एक पोरगा, कानाला फोन. मी हात उचलला, श्वास संपले, हाताला कापरं भरलं. फोटोत एक पिवळा डाग आला. सबनीसांचं अमूर्त!

परत येताना बसमध्ये तुझा आवाज ऐकू आला, अगदी कानाशी. "मनात पैठणी आणि हातात पॉपलिन!" हे तू त्या देशपांड्यांच्या सुनेला म्हणायचीस, आठवतं? ती तुटपुंजं कापड आणायची आणि मासिकातलं चित्र दाखवायची. तू तिला सांगायचीस, "आधी कापड बघू दे बाई. विटलंय कुठे, डाग कुठे, ताणलंय कुठे. तो डाग काखेत गेला की पोलकं झकास. कापड न बघता बेतलं तर बेत फुकट, कापड फुकट."

चूक इथेच होती माझी! मी फोटो मनात बघत नव्हतो, कविता बघत होतो. तीही शाळेतली, जिथे पहाट नेहमी गुलाबी असते. पुण्याला न बघताच मी पुणं बेतत होतो. त्या दिवसापासून मनातल्या फोटोत मी तारा घ्यायला लागलो. फलक घ्यायला लागलो. डाग कुठे जाईल ते आधी ठरवायला लागलो. आणि काय सांगू अक्का, डोळे मिटल्यावर पहिल्यांदा खरं दिसायला लागलं!

घटस्थापनेला लोणी काळभोरला गेलो होतो. कार्यालयातला माझा जुना सोबती तुकाराम तिकडे राहतो, त्याला भेटायला. कॅमेरा नव्हता बरोबर. त्याच्या घरामागे झेंडूचं शेत. एक बाई जुन्या लुगड्यात फुलांची गाठोडी बांधून खालून वर फेकत होती आणि टेम्पोवर उभा असलेला तिचा नवरा ती झेलत होता. गाठोडं वर जाताना एक क्षण असा यायचा की खालचे हात रिकामे आणि वरचे हातही रिकामे! तिच्या हातून सुटलेलं आणि त्याच्या हाती न आलेलं ते केशरी ओझं मधेच, आभाळात. मी बघतच राहिलो. का कुणास ठाऊक, डोळ्यांत पाणी आलं. तुझी आठवण झाली म्हणू का? म्हणतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पुन्हा मोठी तोड असते, असं तुकाराम म्हणाला. माझ्याकडे नवरात्र होतं. शैलानं घट बसवला होता, मी खुर्चीत बसलो! कुठे उभं राहायचं, सूर्य कुठे असेल, विजेचा खांब टेम्पोच्या मागे कसा लपवायचा, सगळं बेतलं. पण एक अडत होतं. तो क्षण धरायचा कसा? डोळ्यानं बघून बोट दाबेपर्यंत गाठोडं नवऱ्याच्या हातात!

आणि मग एका दुपारी उलगडलं. ती बाई फेकते कशी? पटकन वाकते, लांब झोका घेते आणि सोडते, मग गाठोडं लांब तरंगत जातं. लघु, गुरू, गुरू. य-मा-ता! अगं, हा य गण! गाठोड्यामागून गाठोडं, यमाता यमाता यमाता यमाता. बाई भुजंगप्रयातात झेंडू फेकत होती! शाळेत लघुगुरू मोजताना "याचा पुढे काय उपयोग?" असं पोरं विचारायची ना? हा घ्या उपयोग! मी खुर्चीतच ओरडलो. शैला लाटणं घेऊन बाहेर आली.

त्या दिवशी पहिल्या बसनं गेलो. बाईचं नाव सगुणाबाई, नवऱ्याचं रामभाऊ. मी बांधावर ठरल्या जागी उभा राहिलो, थरथरता हात खिशात. गाठोडी जायला लागली. मी कॅमेरा उचललाच नाही. नुसतं मनात म्हणत होतो, यमाता, यमाता. सगुणाबाई मधेच थांबल्या. "काका, फोटू काढनार हुता न्हवं? का निस्तं जप करनार हाय?"

"तुमचं चालू द्या. मी बेततोय."

"काय करतोय?" त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. रामभाऊंनी वरून हात हलवला, जाऊ दे, असा.

सूर्य टेम्पोच्या कडेवर आला. ती वाकली, 'य'. मी हात उचलला. झोका, 'मा'. श्वास धरला. 'ता' म्हणायच्या आत बोट दाबलं. कच्!

लगेच हात असा थडथडायला लागला की कॅमेरा छातीशी धरून बांधावर बसलो.

"झाला?"

"झाला."

"येकच? आवं, पुण्यास्नं हितवर येऊन येकच फोटू?"

टेम्पोवरून रामभाऊ म्हणाले, "अगं, पुन्याचं हायेत त्ये. फोटूतबी काटकसर!"

किती हसलो आम्ही! मग कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघायचा धीर केला. आणि अक्का, होतं! खाली तिचे दोन उघडे तळवे, वर त्याची फाकलेली बोटं, मधे गाठोडं. खांब लपलेला. काठ न् काठ चाकूसारखा. आणि एक गोष्ट अशी, जी मी बेतलीच नव्हती. गाठोड्यातून एकच फूल निसटून वर, कोपऱ्यातल्या मोकळ्या आभाळात जाऊन पोहोचलं होतं. तिथे मी जागा सोडली होती, जरुरीपेक्षा जास्तच. का सोडली, ते तुला कळेल.

शिवणीत तू जादा कापड ठेवायचीस, त्याला 'माया' म्हणायचीस. "बेत कितीही नेमका असो, माया ठेवावी. अंग वाढतं, माणूस बदलतं." माझ्या शाळेच्या सदऱ्यात तर इतकी माया ठेवायचीस की वर्गात मला 'तंबू' म्हणायचे! फार रडवलंयस त्यापायी. पण फोटो बेतताना हातानं आपोआप माया ठेवली, आणि त्या मायेतच ते फूल येऊन बसलं. आता तंबूबद्दल तक्रार नाही. मागे घेतली!

प्रदर्शनात फोटोंखाली नावं नसतात, नुसते क्रमांक असतात. निकालापर्यंत कुणाचा कुठला ते कळू देत नाहीत. सबनीस माझ्या फोटोपुढे उभे राहिले. खूप वेळ. मी मागेच होतो. शेजारच्याला म्हणाले, "काय स्थिर हात आहे हो या माणसाचा!"

अक्का! स्थिर हात! तो हात तेव्हा माझ्या खिशात रुमालाशी झटापट करत होता. पुणेकर आहे मी, योग्य वेळेची वाट बघितली.

नाव पुकारल्यावर सबनीस चष्मा पुसत जवळ आले. "वसंतराव, कॅमेऱ्याला तिपाई लावली असेल."

"नाही."

"मग?"

"बेत होता."

"तुम्ही दुपारी जेवलात काय ते नाही विचारलं मी," ते म्हणाले. पण हात पुढे केला आणि माझा थरथरता हात दोन्ही हातांत धरून ठेवला. सुटेपर्यंत त्यांचाही थरथरत होता. 'मानद'चं नाव पुन्हा निघालं नाही. उलट पुढच्या महिन्यात खडकवासल्याला सगळ्यांना घेऊन जा आणि "ते तुमचं डोळे मिटायचं प्रकरण" दाखवा, असा हुकूम झाला!

अजून खूप लिहायचं होतं, पण थांब. बेल वाजतेय. इतक्या सकाळी कोण? शैला दार उघडायला गेलीय.

आलो परत. अगं, काय सांगू! दारात सगुणाबाई! नवी कोरी जरीकाठाची साडी, मागे रामभाऊ, अंगात कडक इस्त्रीचा सदरा, हातात शेवंतीची जुडी. फोटोची एक प्रत मी त्यांना टपालानं पाठवली होती, पाकिटावरच्या पत्त्यावरून शोधत आले. मला वाटलं, आनंदानं आले असतील.

"काका, आवं काय केलंत ह्ये!" आत पाऊल टाकायच्या आधीच सुरू. "आमचं तोंडच न्हाई की फोटूत! समद्या आळीत सांगून ठिवलेलं. आता जाऊ म्हंती, ह्ये हात तुझंच कशावरनं?"

मी म्हटलं, "सगुणाबाई, त्या फोटोत हातच बोलतात."

"हात बोलत्यात, मग तोंड काय करतंय? आन आयका. आमचा दोघांचा मिळून येकबी फोटू न्हाई. ह्यो कायम गाडीवर, मी कायम खाली. आज दोगंबी खाली हाय. काढा!"

रामभाऊ खाली बघून हसत होते. शैला पदर तोंडाला लावून आत पळाली, पोहे करायला. मी म्हटलं, "अहो, पण मी असा एकदम काढत नाही. आधी... आणि हा हात..." आणि हात पुढे करून दाखवला. खिशातून काढून, लोकांना आपणहून, पहिल्यांदाच दाखवला. थडथड चाललेली.

सगुणाबाईंनी तो बघितला. रामभाऊंना कोपरानं खुर्चीकडे ढकललं, शेजारची खुर्ची त्यांच्या खुर्चीला भिडवली आणि पदर सारखा करत म्हणाल्या, "हात हलू द्या की, काका. आमी न्हाई हलनार."

आता दोघं बाहेर बसलेत. ताठ, शाळेच्या फोटोत बसावं तसे. पाच मिनिटांत येतो म्हणून मी आत आलोय, कॅमेरा घ्यायला, आणि तुझ्याशी चोरून दोन ओळी बोलायला. बेतायला वेळ नाही. उजेड चुकीच्या बाजूनं येतोय. मागे कॅलेंडर आणि पंख्याची बटणं. आणि अक्का, मला जराही भीती वाटत नाहीये!

वचन देतो. पहिला हलला तर दुसरा काढीन. दुसरा हलला तर तिसरा. त्या दोघांची तोंडं नीट, हसरी, शेजारी शेजारी येईपर्यंत मी त्यांना लोणीला परत जाऊ देणार नाही, मग पोहे गार होवोत नाहीतर दुपार टळो!

हाक येतेय. उठतो.

तुझा,
वसंता